चीक

फॉर्मच्या सातव्या रकान्यात एवढंच विचारलंय :
हे ज्ञान यापूर्वी कुठे उपलब्ध होते काय?
समोर दोन चौकोन. होय. नाही.
बौद्धिक संपदा कक्षात कूलर खडखडतोय,
बाहेर सेहेचाळीस अंश,
टेकडीवरून गिरणेचं पात्र दिसतं,
नुसती वाळू, आणि वाळूत ट्रॅक्टर.

भंगाळे सर सकाळीच म्हणाले,
नाहीवर टिक कर, सोमवारी वकिलांकडे जायला हवं.
तोवर पेपर नको, पोस्टर नको,
कुणाशी बोलू नकोस.
कुणाशी म्हणजे कुणाशी, सर?

पहिल्या वर्षी मी सावद्याच्या बागेत उभी होते,
अंगात पांढरा ॲप्रन, हातात बाटल्यांची पेटी.
कटाईची टोळी जेवायला बसलेली.
हुरमतबी भाकरी मोडता मोडता हसली,
"पोरी, ते पांढरं काढून ठेव. चीक लागला ना,
तू मरशीन, पन डाग नाई मरनार."
तिच्या खांद्यावर घड वाहून वाहून
तपकिरी नकाशा उमटलेला,
आणि पदराच्या काठाला पळसाचा केशरी,
जणू काल रंगवलाय.
हा कसा टिकला?
"माह्या सासूची खोड.
धाग्याले आधी खोडाचं पानी पाजाचं रातभर,
मंग रंग."
खोड आणि खोड. मीही हसले.
वहीत लिहून घेतलं, पान अकरा, तारखेसह.
आडनाव विचारायचं राहिलं.
प्रबंधात ती
'स्थानिक माहितीदार क्र. ३' झाली.

पण खोटं कशाला बोलू, मीही काही केलंय.
चीक दुपारपर्यंत आंबतो, संध्याकाळी काळा पडतो,
तो बागेबाहेर कधी टिकलाच नव्हता.
दोनशे चौदा चिंध्या वाया घालवल्या मी.
मग एका रात्री लाइट गेली,
भांडं आपसूक निवत राहिलं,
आणि पहाटे शिपाई हिरामणनं
थर्मामीटर वाचून आकडा तळहातावर लिहिला : बासष्ट.
तिथून भुकटी झाली.
डबीत अकरा महिने झाले, अजून तशीच आहे.
हे आधी कुणी केलं नव्हतं.
(हिरामणनं हात धुतला तेव्हा मला
आकडा वहीत उतरवायचं सुचलं,
हेही आत्ताच आठवलं.)

डेटाबेसमध्ये शोधलं.
सातशे बेचाळीस नोंदी, त्यातल्या कितीतरी चिनी.
हुरमतबीची सासू एकीतही सापडली नाही.
सर म्हणतात, बघ, म्हणजे मोकळं आहे.
मोकळं तर गिरणेचं पात्रही आहे.

केळीला बी नसतं.
आईच्या बुडाशी पिल्लू फुटतं,
त्याच्या बुडाशी आणखी एक.
मूळ कोणतं नि प्रत कोणती,
सावद्यात कुणी विचारत नाही,
फक्त पिल्लू कुणाच्या बागेतून आणलं
ते मात्र म्हाताऱ्यांना पाठ असतं,
तीन बांध पल्याडचं, पन्नास वर्षांमागचं.

मी होयवर टिक केली.
रुले मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं,
"अगं, वीस दाव्यांचे चार उरतील.
आणि सरांचं प्रमोशन?"
भुकटी, बासष्ट, निवण्याचा वेग, डबी.
हे चार आमचे. बाकीचे आमचे नव्हतेच.
सरांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

खाली ओळ आहे : माहितीचा स्रोत, पूर्ण नाव.
मी सावद्याला मुकादमाला फोन लावला.
मागे गाडी भरण्याचा आवाज,
कुणीतरी घड मोजत होतं, छत्तीस, सदतीस.
हुरमतबीचं पूर्ण नाव सांगता का? आडनाव?
विद्यापीठातून बोलतेय,
कागदावर लिहायचंय.

मोजणी थांबली.
"कशाले, मॅडम?
काय चुकलं तिचं?"